कोऱ्या कापडाच्या दोन फायली

गोष्ट भिवंडीची आहे, २०१४ सालची. माझ्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस संगणकावर नोंदी ठेवीत. मागावरून उतरलेले, अजून धुलाई-रंगाई न झालेले कापड ते कोरे कापड. कोणत्या कारागिराने किती मीटर विणले, त्यावर त्याची मजुरी ठरायची. या फाइलचे नाव होते ‘कोऱ्या कापडाचा हिशेब’. ती कार्यालयातल्या सामायिक संगणकावर असे आणि तो संगणक लिनक्सवर चाले.

एकदा मालकांच्या मुलाने ती फाइल आपल्या मॅक लॅपटॉपवर घेतली, पंधरवड्याचे आकडे भरले आणि पुन्हा जागच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो पडद्यावर फायली दोन! नाव तेच, अक्षरन् अक्षर तेच. हिशेबनिसांनी त्यातली एक उघडली आणि ती नेमकी जुनी निघाली. पगाराच्या दिवशी कारागिरांच्या हातात मजुरी कमी पडली. बोलणी बसली ती हिशेबनिसांना. “साहेब, एका फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फायली राहूच शकत नाहीत,” असे ते परोपरीने सांगत होते. आणि त्यांचे म्हणणे खरे होते. मग झाले तरी काय?

ते समजायला थोडे मागे जावे लागेल. भिवंडीतल्या गोदामाचा पत्ता कसा असतो? पूर्णा गाव, अमुक कंपाउंड, तमुक इमारत, गाळा नंबर पाच. फाइलचाही असाच पत्ता असतो, त्याला ‘पाथ’ म्हणतात. आपण फाइल उघडतो तेव्हा प्रोग्रॅम ती स्वतः उघडत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे पत्ता देऊन विनंती करतो. या विनंतीचे नाव ‘सिस्टीम कॉल’. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे फाटकावरचा रखवालदार समजा. पत्ता वाचत वाचत तो एकेक दार ओलांडून आत जातो.

फोल्डरच्या पोटात फोल्डर ही मांडणी अमेरिकेत ‘मल्टिक्स’ या प्रणालीसाठी १९६५ च्या सुमारास आखली गेली. पुढे बेल लॅबोरेटरीजमधल्या केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९७० च्या आसपास ‘युनिक्स’ घडवली आणि पत्त्याच्या दोन भागांमध्ये तिरकी रेघ घातली. त्यांच्या रखवालदाराचा नियम अगदी साधा होता. नावात तिरकी रेघ नको आणि शून्य किमतीचा बाइट नको, बाकी काहीही चालेल. नावाचा अर्थ लावणे हे त्याचे कामच नव्हते.

पण कडेचे प्रसंग सुटत नाहीत. पत्त्यात दोन टिंबे दिली की अर्थ होतो ‘एक दार मागे’. अगदी मुळाशी उभे राहून कोणी ‘मागे’ म्हटले तर? युनिक्स म्हणाले, आहात तिथेच राहा. पत्ता कोराच दिला तर? जुन्या युनिक्सने त्याचा अर्थ ‘सध्याची जागा’ असा घेतला. पुढे पॉझिक्स या मानकाने कोरा पत्ता चूक ठरवला.

१९८१ च्या एमएस-डॉसमध्ये तर फोल्डरच नव्हते. त्यामुळे पडदा, छपाईयंत्र यांना दिलेली नावे सगळीकडे राखीव राहिली. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ती नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीवच ठेवली. २००० नंतरच्या दशकात फिरणारे एक ढकलपत्र आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विंडोजमध्ये ‘सी-ओ-एन’ नावाचा फोल्डर करता येत नाही, हा शोध एका भारतीयाने लावला आणि मायक्रोसॉफ्टलाही त्याचे कोडे उलगडलेले नाही! कोडे कसले? ‘कन्सोल’साठी राखलेले ते जुने नाव.

आता आपल्या लिपीकडे येऊ. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिच्यातली देवनागरीची मांडणी भारताच्या १९८८ च्या ‘इस्की’ मानकावर बेतलेली आहे. १९९२ मध्ये त्याच केन टॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर, आज यूटीएफ-८ म्हणून ओळखली जाणारी पद्धत आखली. कोणत्याही लिपीतल्या अक्षराच्या पोटात तिरक्या रेघेचा बाइट येणार नाही, याची काळजी तीत घेतलेली आहे. म्हणजे जुना रखवालदार न बदलता मराठी नावे चालू लागली. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. ‘भिवंडी’ रोमन लिपीत ८ बाइटांत मावते, देवनागरीत तिला १८ लागतात.

आणि इथेच आपला ‘ऱ’ अडखळतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हा फरक मराठीला हवाच. पण ‘ऱ्य’मधला अर्धा र लिहायच्या तीन रीती आहेत. ‘ऱ’ हे अखंड अक्षर आणि हलन्त, ही पहिली. साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त, ही दुसरी. ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह ही तिसरी, ती युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून चालत आली. पडद्यावर तिन्ही सारख्याच. बाइट मात्र पहिल्या रीतीत सहा, उरलेल्या दोन्हींत नऊ-नऊ, आणि तेही एकमेकांपासून वेगळे.

मॅकवर १९९८ पासून वापरात असलेली फाइल व्यवस्था नावातली अक्षरे फोडून साठवत असे. अखंड ‘ऱ’ तिथे गेला की ‘र’ आणि नुक्ता होऊन परत येई. कारखान्यात नेमके हेच झाले. आम्ही दोन्ही नावांचे बाइट छापून पाहिले. एकात अखंड ‘ऱ’ होता, दुसऱ्यात फोडलेला. लिनक्सच्या रखवालदाराच्या लेखी ती दोन निराळी नावे होती. म्हणून त्याने जुनी फाइल तशीच ठेवली आणि शेजारी नवी मांडली.

२०१७ मध्ये मॅकला नवी फाइल व्यवस्था मिळाली. ती नाव दिले तसे ठेवते आणि अखंड व फोडलेले रूप एकच मानते. पण अदृश्य जोडचिन्हाचा ‘ऱ्य’ युनिकोडच्या नियमांनुसार या दोन्हींच्या बरोबरीचा नाही. तो घोटाळा आजही होऊ शकतो. शेतकऱ्यांची यादी, कर्मचाऱ्यांचे पगार, दुसऱ्या सत्राचे गुण, अशी नावे आपण रोज देतो. तेव्हा एका कार्यालयात सर्वांनी एकाच प्रकारचा कळफलक वापरावा. सारख्या नावाच्या दोन फायली दिसल्या तर एकही पुसू नये, आधी दोन्हींच्या तारखा पाहाव्यात. आणि नाव टंकून शोधल्यावर फाइल सापडली नाही, तर ती नाहीच असे लगेच समजू नये.

त्या कारागिरांची राहिलेली मजुरी पुढच्या पगाराला चुकती झाली. हिशेबनिसांनी फाइलचे नाव बदलून ‘कोरे कापड’ असे ठेवले. त्यात ‘ऱ्य’ नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)