भाकर (शब्द)

'भाकर' हे भाकरीचे नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या बोलीतील रूढ नाव. ती मुख्यतः ज्वारीची असते. जुन्या नियतकालिकांतील ग्रामीण कथांत पात्रांच्या तोंडी 'भाकर' आणि निवेदनात 'भाकरी' अशी विभागणी अनेकदा आढळते. त्यामुळे हे रूप गावंढळ मानले गेले. ही समजूत टिकत नाही. प्रमाण मराठीतील 'भाकरतुकडा' या जोडशब्दात तेच रूप आहे, आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांतही ते येते. दलित आत्मकथनांनी ही विभागणी सैल केली. गंगाधर पानतावणे संपादित, औरंगाबादच्या 'अस्मितादर्श' त्रैमासिकाने दलित लेखकांना जागा दिली. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मध्ये उदगीर परिसरातील पोरक्या मुलाची भूक तिथल्याच बोलीत येते. तेथे भाकर मिळणे हाच रोजचा प्रश्न असतो.