‘व्हल’ या अंत्यपदाची कुळकथा

स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या रम बेटावरील आस्किव्हल, हॅलिव्हल, ट्रोलव्हल आणि एन्शव्हल या शिखरांच्या नावांत समान असलेले ‘व्हल’ हे अंत्यपद, बेटावर शतकानुशतके गेलिक भाषा नांदली असली तरी, त्या भाषेचे नव्हे. जुन्या नॉर्स भाषेत डोंगराला ‘फ्याल’ म्हणत. समासाच्या अखेरीस आलेल्या या शब्दातील ‘फ’चा ‘व्ह’ झाला आणि गेलिक भाषकांनी तो आपल्या लेखनात ‘भाल’सारख्या वर्णयोजनेने बसवला. उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला म्हणतात तो ‘फेल’ याच कुळातला.

नवव्या शतकाच्या सुमारास या बेटांवर नॉर्स दर्यावर्दींची सत्ता बसली आणि 1266 च्या पर्थच्या तहाने ती स्कॉटलंडकडे गेली. मात्र तहाने सत्ता बदलली तरी नावे बदलली नाहीत. नाव हाकताना दुरून दिसणारी शिखरे हीच खूण असल्याने त्यांना दर्यावर्दींची नावे चिकटली असावीत, आणि डोंगरात गुरे चारणाऱ्यांना शिखरापेक्षा खिंडीचे काम अधिक पडत असल्याने खिंडींची नावे गेलिक उरली असावीत, असे मानणे सयुक्तिक वाटते.

डोंगरधारेवरची वाट चालताना हा भाषिक थर पायांखाली उलगडतो. किनलॉख गावातून निघालेली वाट ‘कोरे दूव’मधून, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या काळ्या कढईसारख्या खळग्यातून, वर चढते, पुढे हॅलिव्हल आणि 812 मीटर उंचीचे आस्किव्हल ओलांडून ती ‘ब्यालाख अन ओर’ या सोन्याच्या खिंडीत उतरते, ट्रोलव्हलनंतर झऱ्याच्या खिंडीत येते आणि एन्शव्हलवरून ‘स्गूर नान गिल्यान’ या, तरुणांचे शिखर अशा अर्थाच्या, अस्सल गेलिक नावापाशी पोहोचते. तिथून दक्षिणेस उतरले की डिबिडिल लागते. नॉर्समध्ये त्याचा अर्थच खोल दरी. तो अर्थ विसरल्यावर मागाहून त्यामागे ‘ग्लेन’ म्हणजे दरी जोडली गेली, आणि नकाशावर ‘दरी खोलदरी’ अशी गमतीची द्विरुक्ती कायम झाली.

ट्रोलव्हल म्हणजे ट्रोलांचा, अर्थात नॉर्स लोककथांतील राक्षसांचा डोंगर. या उतारांवर मँक्स शिअरवॉटर नावाचे समुद्रपक्षी बिळे खणून राहतात; ते अंधार पडल्यावरच घरट्याकडे परततात आणि त्यांच्या घोगऱ्या किंकाळ्यांनी मध्यरात्री कडे घुमतात. नाव पडण्याचे कारण हेच, असे मानले जाते.