कुष्ठ, कोड आणि कोढ़ : उत्तर कोकणातील त्वचारोगांच्या नावांविषयी काही विचार

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यातील बोलींचा अभ्यास करणाऱ्यास एका लहानशा शब्दसमूहाकडे दुर्लक्ष करता येत नाही. तारापूरच्या किनाऱ्यावरील मांगेला किंवा वाडवळ कुटुंबात ‘कोड’ म्हणजे अंगावरील पांढरे डाग. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या कामगाराच्या तोंडी ‘कोढ़’ म्हणजे महारोग. जुन्या गुजराती वस्तीत ‘कोढ’ या शब्दाचा रोख पुन्हा मुख्यतः पांढऱ्या डागांवर, आणि महारोगासाठी मात्र ‘रक्तपित्त’ हा वेगळा शब्द. तिन्ही शब्दांचे मूळ एकच, संस्कृत ‘कुष्ठ’. एकाच बाजारपेठेत, एकाच दवाखान्याच्या बाकावर हे तिघे शेजारी बसतात आणि एकच शब्द उच्चारून भिन्न रोग सांगतात. ही केवळ व्युत्पत्तिशास्त्राची गंमत नव्हे. रोगाला जे नाव मिळते त्यावरून रोगी वैद्याकडे जावयाचे, औषधाच्या दुकानात जावयाचे, की घरात लपून बसावयाचे, हे पुष्कळदा ठरते.

मूळ शब्दाचा इतिहास पाहू गेल्यास प्रथम हे ध्यानात येते की अथर्ववेदात ‘कुष्ठ’ हे रोगाचे नसून ज्वरनाशक वनस्पतीचे नाव आहे. पांढऱ्या डागांना तेथे ‘किलास’ म्हटले आहे, आणि त्यावर काळ्या रंगाच्या वनस्पतीची योजना सांगितली आहे. पुढे आयुर्वेदीय संहितांत ‘कुष्ठ’ हे त्वचेच्या बहुतेक सर्व दीर्घकालीन विकारांचे कुलनाम झाले. चरकसंहितेत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरांची गणना आहे. आज ज्यास आपण साधा नायटा म्हणतो तो ‘दद्रु’, खाजेची ‘पामा’, तळव्यांच्या भेगांची ‘विपादिका’, इसबाशी जुळणारी ‘विचर्चिका’ ही सर्व त्या अठरांत बसतात. सुश्रुताची संख्या तीच, परंतु वाटणी निराळी : त्याने दद्रूला महाकुष्ठांत चढविले आणि सिध्माला क्षुद्रकुष्ठांत उतरविले. दोन आचार्यांतील हा मतभेद महत्त्वाचा आहे. ‘महा’ हे विशेषण रोगाच्या निश्चित स्वरूपाचे नसून त्याच्या उपद्रवाच्या अंदाजाचे होते, हे त्यावरून दिसते.

लोकभाषेत मात्र हे कुलनाम टिकले नाही. प्राकृतात ‘कुट्ठ’ आणि ‘कोढ’ ही दोन्ही रूपे आढळतात. त्यांतील दुसऱ्यापासून हिंदी ‘कोढ़’ व मराठी ‘कोड’ निष्पन्न झाले. हिंदी ‘गढ़’ आणि मराठी ‘गड’ यांतील फरक त्याच जातीचा. ध्वनिपरिवर्तनाचा हा भाग सरळ आहे. अर्थपरिवर्तन तितके सरळ नाही. हिंदीत संकोच महारोगाकडे झाला, मराठीत पांढऱ्या डागाकडे. मराठीने महारोगासाठी ‘महारोग’, ‘थोर रोग’, ‘रक्तपिती’ अशी नावे वेगळी काढली, तथापि पंडिती ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द लग्न जमविण्याच्या बोलण्यात कोडाच्या मागे सावलीसारखा राहिलाच. वस्तुतः कोड हा संसर्गजन्य रोग नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी नाहीशा झालेल्या असतात, एवढेच. स्पर्श शाबूत असतो, बोटे झडत नाहीत. पण एका शब्दाच्या दोन वारसांपैकी निरपराध वारसाला दुसऱ्याचा कलंक पिढ्यान्‌पिढ्या भोगावा लागला. कोडावर बावचीचे बी आणि ऊन हा उपाय या देशात जुना आहे. बावचीतील सोरालेन आणि अतिनील किरण यांचा आधुनिक उपचार 1970 नंतरच्या दशकात त्याच तत्त्वावर रूढ झाला.

रोजच्या रोगांची नावे यापेक्षा निर्मळ आहेत. ‘खरूज’ हा संस्कृत ‘खर्जू’चा थेट वंशज, त्याच्या मुळाशी खाज आहे, आणि खाज हेच तिचे लक्षण. त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यामुळे ती होते, रात्री वाढते, आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावल्याखेरीज जात नाही. करंजेल व गंधक ही तिची जुनी औषधे, परमेथ्रिन हे आजचे. ‘चिखल्या’ हे नाव तर कारणासकट आलेले आहे. भाताच्या आवणीत दिवस दिवस गाळात उभे राहिल्याने पायांच्या बोटांतील बेचके कुजतात. सुश्रुतानेही ‘अलस’ या विकाराचे कारण दूषित चिखलाचा स्पर्श हेच दिले आहे. पालघर-डहाणूच्या शेतकऱ्याला त्यासाठी सुश्रुत वाचावा लागला नाही.

नायट्याच्या बाबतीत औषधाच्या नावात रोगाचा इतिहास दडला आहे. पहिल्या पावसाबरोबर या भागात सर्वत्र उगवणारा आणि वारली-कातकरी घरांतून भाजी म्हणून खाल्ला जाणारा टाकळा, त्याची संस्कृत नावे ‘चक्रमर्द’ आणि ‘दद्रुघ्न’. पहिल्यात नायट्याचा गोल आकार, दुसऱ्यात त्याचे नाव. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनिक आम्ल असते. आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवावी. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत एक पिवळी भुकटी मिळते. ती पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास आली, गोव्याहून मुंबईस, आणि एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ या नावाने नायट्यावर विकली जाऊ लागली. बंदराचे नाव मालाला चिकटते, त्याचा हा उत्तम नमुना; गोव्यात त्या झाडाचे पानही नव्हते. या भुकटीतील द्रव्य टाकळ्यातील आम्लाच्या अगदी निकटच्या नात्याचे निघाले. 1876 च्या सुमारास लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या वैद्याने तिचा गुण सोरायसिसवर येतो असे दाखविले, आणि त्याचे मूळ नावाच्या घोटाळ्यात होते : सोरायसिसलाच नायटा समजून एका रोग्याने ती लावली होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही भुकटी मिळेनाशी झाली, तेव्हा 1916 मध्ये तिच्या जागी डिथ्रॅनॉल हे कृत्रिम द्रव्य आले, आणि सोरायसिसवर ते पुढे अनेक दशके वापरले गेले. ज्या तारापूरच्या किल्ल्यावर 1739 पर्यंत पोर्तुगीजांचे निशाण होते, त्याच्या आसपासच्या बांधांवर टाकळा तेव्हाही उगवत असला पाहिजे.

महारोगाच्या औषधाचाही या किनाऱ्याशी संबंध आहे. सुश्रुताने ‘तुवरक’ वृक्ष पश्चिम समुद्राच्या तीरी वाढतो असे म्हटले असून त्याच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. मराठीत ज्यास ‘कडू कवठ’ म्हणतात तो हाच, अशी सामान्यतः समजूत आहे. याच कुळातील तेल, चौलमुग्रा या नावाने, 1940 नंतरच्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोगावरील मुख्य उपाय होते. ते पुरेसे नव्हते, हेही म्हटले पाहिजे. नॉर्वेच्या हॅन्सेनने 1873 मध्ये रोगाचा जंतू दाखविला, आणि त्यानंतरच्या पिढीचा भर औषधापेक्षा अलगीकरणावर राहिला. मुंबईत माटुंग्याचे निराधार महारोग्यांचे आश्रयस्थान 1890 साली उघडले. पुढे त्यास ज्यांचे नाव मिळाले ते महापालिका आयुक्त एच. ए. अॅकवर्थ मराठीच्या अभ्यासकांना निराळ्याच कारणाने परिचित आहेत, कारण शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह 1891 मध्ये प्रसिद्ध करणारे हेच गृहस्थ. 1898 चा महारोग्यांविषयीचा कायदा 2016 साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 साली कायद्यातून गेले. दरम्यान 1983 पासून बहुविध औषधोपचार देशभर सुरू होऊन रोग पूर्णपणे बरा होऊ लागला होता, आणि डिसेंबर 2005 मध्ये राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांस एकाच्या खाली आले. राष्ट्रीय सरासरी ही मात्र फसवी गोष्ट असते. 1 ऑगस्ट 2014 रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्याची गणना, विशेषतः त्यातील आदिवासी तालुक्यांमुळे, अद्याप अधिक नवे रुग्ण आढळणाऱ्या जिल्ह्यांतच होते.

येथे नावांचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. लोकभाषेतील त्वचारोगांची नावे तपासली तर ती रंगावरून, आकारावरून, खाजेवरून किंवा कारणावरून पडलेली दिसतात. बिब्ब्याचे तेल लागून अंग सुजले की ‘बिब्बा उतला’ म्हणतात; स्पर्शजन्य दाहाचे इतके नेमके निदान आधुनिक नावांतही क्वचित सापडते. 1969 मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, बोईसरला रंग, रसायने, औषधे, कापड यांचे कारखाने आले, आणि कामगारांच्या हातांवर तसाच दाह उमटू लागला. पण कोणते द्रव्य ‘उतले’ हे सांगणारा शब्द त्यांच्यापाशी नाही. ‘ॲलर्जी’ हा एकच शब्द क्रोमियमलाही आणि साबणालाही लागतो, आणि दोहोंवर दुकानातील एकच मिश्र मलम. त्या मलमातील स्टिरॉइडने खाज दबते आणि नायटा आत पसरतो. औषधांस न जुमानणाऱ्या एका बुरशीस 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे भारताच्या नावाचे बिरुद मिळाले, त्यामागे या मलमांचाही हात मानला जातो. असली अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 साली झाला. तो किती पाळला जातो हे कोणत्याही स्टेशनबाहेरील दुकानात पाहावे.

या सर्व नावांत एका लक्षणाचे नाव नाही. महारोगाचा आरंभीचा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. फिकट किंवा तांबूस असतो, त्या जागी घाम कमी येतो आणि स्पर्श कळत नाही. संसर्ग व लक्षण यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. अशा चट्ट्याला रोगी ‘शिबे’ म्हणतो, ‘नायटा’ म्हणतो, किंवा भीतीने ‘कोड’ हा शब्द मनात आणून कोणालाच काही सांगत नाही. ‘महारोग’ आणि ‘रक्तपिती’ ही नावे तर रोग पुरता दिसू लागल्यावरची आहेत. नवल असे की चरकाने कुष्ठाच्या पूर्वरूपांत पहिलेच लक्षण ‘स्पर्शाज्ञत्व’ हे दिले आहे, आणि त्यालगत घाम अति येणे किंवा न येणे. कुष्ठ या शब्दाचे वंशज देशभर पसरले. स्पर्शाज्ञत्वाला लोकभाषेत वंशज उरला नाही. बोईसरच्या चाळींत आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तपासणीस येणारे आरोग्यसेवक आज रोगाचे नाव आधी घेत नाहीत. ते चट्ट्यावर हलकेच स्पर्श करून कळते की नाही ते विचारतात, आणि त्यासाठी ‘सुन्न’ हा शब्द मराठीत, हिंदीत आणि थोड्याशा फरकाने गुजरातीतही चालतो.