डभोईचे गुणे आणि बेरजेची परीक्षा

बडोद्याच्या मराठी माणसाला गावाबद्दल बोलायला लावलं की त्याची गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबते. सयाजीराव महाराज, लक्ष्मीविलास, कलाभवन, रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, दांडिया बझारातलं अरविंदबाबूंचं घर. मग कुणीतरी माणिकरावांचा आखाडा काढतो, दोन मिनिटं मल्लखांबाच्या आठवणी निघतात आणि गाडी यार्डात जाते. त्या आखाड्यातून निघालेल्या एका माणसाबद्दल आज लिहितोय. माणसाचं शरीर आणि डोकं कशाने नीट चालतं हे नुसतं सांगू नका, मोजून दाखवा, असं म्हणणारा हा माणूस आपल्या डभोईत जन्मला होता.

जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३. पुढे जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागलं आणि नाव लोणावळ्याशी जोडलं गेलं. त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांचा समज, की हे पुण्याकडचे कुणीतरी. डभोई म्हटलं की आपल्याला हिरा भागोळ आणि छोटी गाडी आठवते (ती गाडी १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा बैल ओढत असत, हे नातवंडांना सांगून बघा, विश्वास ठेवत नाहीत). गुणे कुणाला आठवत नाहीत.

परिस्थिती बेताची, पण हुशारी अशी की १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. मग बडोदा कॉलेज. अरविंद घोष तेव्हा तिथेच शिकवत होते, हवा सगळी स्वदेशीची. १९०७ मध्ये गुणे जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांकडे दाखल झाले आणि १९१० पर्यंत तिथे शिकले. माणिकराव म्हणजे मूळचे गजानन यशवंत तांबे. जुम्मादादा हे त्यांचे उस्ताद, मुसलमान. शिष्याने संस्थेला नाव दिलं ते गुरूचं, आणि मराठी ब्राह्मणांची पोरं त्या नावाच्या दारातून आत जाऊन लाठी, जंबिया, मल्लखांब शिकली. त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

आखाड्याने गुण्यांना ताकद दिलीच, पण माझ्या मते खरी देणगी सवयीची. आखाड्यात तुम्ही इच्छाशक्तीवर जात नाही. ठरलेली वेळ असते, उस्ताद नाव घेऊन विचारतात काल का आला नाहीस, बरोबरीचा पोरगा तुमच्या आधी लंगोट कसून उभा असतो. एकट्याने घरी शंभर जोर काढायचा संकल्प आठ दिवसांत बारगळतो. दहा जणांत तोच वर्षभर टिकतो. हे गुण्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं. १९३६ साली त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ नावाचं पुस्तक काढलं, त्यातला ‘संघ’ हा शब्द सरळ बडोद्याचा.

पुढे ते अमळनेरला गेले. खानदेश शिक्षण मंडळात शिकवलं, १९२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. १९२३ मध्ये इंग्रज सरकारने ते कॉलेजच बंद पाडलं. त्याआधी १९१९ मध्ये एक गोष्ट घडून गेली होती. नर्मदाकाठी मलसरला परमहंस माधवदास म्हणून एक वृद्ध बंगाली साधू राहत. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरून नर्मदेच्या वाऱ्या झाल्या असतील, मलसर त्यांना माहीत असेल. गुणे त्यांच्याकडे योग शिकले. मनात आदर पुरेपूर होता, पण माणूस तर्काचा. अनुभव तर येतोय, पण शरीरात नेमकं होतं काय, हा प्रश्न त्यांना सुटेना.

आणि म्हणून १९२०-२१ मध्ये, अमळनेरची नोकरी चालू असतानाच, त्यांनी बडोद्याच्या हॉस्पिटलात प्रयोग केले. आपल्या विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली करायला लावायची आणि क्ष-किरणांनी आत काय हलतं ते बघायचं. शंभर वर्षांपूर्वी, मंडळी! योग्याचं पोट एक्स-रेखाली धरायचं ही कल्पनाच तेव्हा दोन्ही बाजूंना खटकणारी. साधूंना वाटणार हा अविश्वास, डॉक्टरांना वाटणार हा वेडेपणा.

नौलीचं उदाहरण थोडं सविस्तर देतो, कारण त्यात या माणसाची पद्धत दिसते. बस्ती करणारा योगी पाण्यात बसतो आणि पिचकारी, नळीचा पंप वगैरे काही नसताना पाणी आतड्यात वर चढतं. हे होतं कसं? गुण्यांनी दाब मोजायची पाऱ्याची नळी लावली. पोटाचे स्नायू मधोमध उभे काढले की आतली जागा वाढते आणि आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. मग पाणी आपोआप आत ओढलं जातं, ड्रॉपरचं रबर दाबून सोडल्यावर औषध चढतं तसं. गूढ काही उरलं नाही. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं, माधवदास पोकळी. चमत्कार गेला तरी गुरू लहान झाला नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वेळी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक. त्यात तत्त्वज्ञानाच्या जोडीला प्रयोगांचे आकडे छापून येत. सर्वांगासनात, शीर्षासनात रक्तदाब किती होतो, प्राणायामात कर्बवायू किती बाहेर पडतो, असं सगळं.

आता मुद्द्याचं. आपल्या ग्रुपांवर दर आठवड्याला कुणी ना कुणी पाठवतं की प्राणायामाने मेंदूला दुप्पट ऑक्सिजन मिळतो आणि स्मरणशक्ती वाढते. आमच्या भिशीतल्या एका गृहस्थांनी असलंच काही वाचून बी.पी.ची गोळी परस्पर बंद केली आणि मुलाला रात्री अकरा वाजता धावपळ करावी लागली. प्राणायामात फुप्फुसं प्राणवायूने भरून वाहतात हा समज चुकीचा आहे, हे कुवलयानंदांनी स्वतः नव्वदएक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्याची किंमत प्राणवायूच्या हिशेबात धरू नका, मज्जासंस्थेला वळण लागतं त्यात धरा, असं त्यांचं म्हणणं. करोनात घरोघरी आलेलं ते बोटाला लावायचं यंत्र आठवा. धडधाकट माणसाचा आकडा शांत बसल्यावरच ९७-९८ असतो. १०० च्या वर जागा कुठे आहे?

याच सुमारास, म्हणजे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, लोणावळ्यात एक तरुण आला. कोवूर बेहानन, मूळचा त्रावणकोरचा, अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारा. कुवलयानंदांकडे राहून त्याने योग शिकला, परत गेला आणि येलच्या प्रयोगशाळेत स्वतःलाच तपासायला बसवलं. प्राणायामाच्या वेळी शरीर प्राणवायू किती वापरतं हे मोजलं. नेहमीच्या श्वासापेक्षा उज्जायीत २४.५ टक्के जास्त, भस्त्रिकेत १८.५, कपालभातीत १२. आकडे मोठे वाटतात, पण नुसतं रस्त्याने चाललं तरी वापर बसल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे हा श्रमाचा खर्च. शिलकीत काही जमा नाही.

मग त्याने डोकं तपासलं. छत्तीस दिवस. प्राणायामाच्या आधी आणि नंतर त्याच त्याच परीक्षा: आकड्यांच्या बेरजा, सांकेतिक अक्षरं उलगडणं, रंग ओळखणं, हाताच्या कौशल्याचं एक काम. निकाल काय लागला? प्राणायामानंतर लगेच त्याचं डोकं मंद चाललं. बेरजेला वेळ जास्त लागला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो, कारण बेरीज हा आमच्या पोटापाण्याचा विषय. मी बँकेत लागलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. महिनाअखेरीला लेजर बॅलन्सिंग, उभ्या टोटली, पेन्सिलीने कोपऱ्यात हातचे. टोटल टॅली होईना की रात्रीचे नऊ वाजत आणि नऊनंतर एकाच पानाची बेरीज तीन वेळा तीन येई. डोक्याचा वेग दिवसभरात कसा वरखाली होतो हे आम्ही सगळ्यांनी भोगलंय. त्यामुळे बेरजेची परीक्षा ही फालतू परीक्षा नाही, माझा तिच्यावर विश्वास आहे.

पण ऑडिटरच्या नजरेने बघायचं तर शेरेही मारले पाहिजेत. खातं एकाच माणसाचं, तेही तपासणाऱ्याचं स्वतःचं. आणि मोजलं ते प्राणायामानंतर लगेच. पोळ्या भाजून झाल्याबरोबर तवा गरम आहे म्हणून स्वयंपाकघर कायमचं तापलं असं कुणी म्हणत नाही. वर्षभर रोज करणाऱ्याचं संध्याकाळी चार वाजता डोकं कसं चालतं, हे त्या छत्तीस दिवसांत येत नाही. बेहाननने १९३७ मध्ये पुस्तक काढलं त्यात हा उणे निकाल लपवला नाही, आणि योगाने आपल्याला खोल विश्रांती मिळाली, मन स्थिर झालं, हेही लिहिलं. दोन्ही गोष्टी एका माणसात एकाच वेळी खऱ्या. मला तर यात विरोध दिसत नाही. जे मन निवलं आहे ते बेरजेच्या मागे धावणार नाही. कॅशवर बसायच्या आधी पाच मिनिटं प्राणायाम करून वेग वाढेल ही अपेक्षाच चुकीची. ग्राहक अंगावर ओरडतोय आणि हात थरथरत नाहीत, तिथे त्याचा उपयोग.

आपल्या वयाला आता हार्टपेक्षा विसरण्याची भीती जास्त. कुणाचं नाव आठवलं नाही की पोटात गोळा येतो, हे आपण एकमेकांना सांगत नाही एवढंच. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं मांडली. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कमी ऐकू येणं आहे, बैठं आयुष्य आहे आणि एकटेपणाही आहे. ती यादी वाचताना मला सारखा दांडिया बझारातला आखाडा दिसत होता. व्यायाम आणि चार माणसं, दोन्ही एकाच छपराखाली, ठरलेल्या वेळेला. आज आपली मुलं कॅनडात, पुण्यात, आपण फ्लॅटमध्ये मोबाईल समोर टेकवून एकटे अनुलोम-विलोम करतो आणि तो व्हिडिओ संपला की दिवस संपला. कानाचं यंत्र मात्र लाजेखातर ड्रॉवरमध्ये.

कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ ला गेले. ‘योगमीमांसा’ अजून निघतं. माणिकरावांचा आखाडाही अजून आहे, ज्यांनी अलीकडे पाहिला नसेल त्यांनी एकदा जाऊन यावं, नातवंडांना घेऊन.

एक विनंती. डभोईत गुणे कुटुंब नेमकं कुठल्या भागात राहत होतं, हे कुणाच्या घरच्या जुन्या माणसांकडून ऐकलं असेल तर खाली लिहा. माणिकरावांच्या हाताखाली शिकलेल्या आजोबा-पणजोबांचे फोटो, प्रमाणपत्रं, ‘योगमीमांसा’चे सुरुवातीचे अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत देण्याआधी मला कळवा. मी रिक्षा करून येतो.