स्वभक्षण व पेशीकंकाल : प्रतिकारपेशींतील प्रथिनदुवे

स्वभक्षण किंवा ऑटोफॅजी या प्रक्रियेत पेशी स्वतःचे निकामी भाग आणि आत घुसलेले जिवाणू दुहेरी पटलाच्या पिशवीत कोंडते. पुढे ही पिशवी लयकारिकेला (लायसोसोमला) मिळते आणि आतला ऐवज विघटित होतो. पिशवी घडवणे व हलवणे ही कामे पेशीकंकालाखेरीज, म्हणजे ॲक्टिन तंतू, सूक्ष्मनलिका अशा प्रथिनतंतूंच्या जाळ्याखेरीज, होत नाहीत. मॅक्रोफेजसारख्या भक्षक पेशींत तर संसर्ग आटोक्यात येतो की नाही, हे बरेचसे याच सहकार्यावर ठरते.

स्वभक्षणाची खूण म्हणून प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे एलसी३ हे प्रथिन प्रथम मेंदूतील सूक्ष्मनलिकांशी निगडित म्हणून ज्ञात झाले. ते यीस्टमधील एटीजी८ चे सस्तन प्राण्यांतील प्रतिरूप असून पिशवीच्या पटलावर बसते, हे जपानी संशोधकांनी २००० साली दाखवले. डायनीन ही चालक प्रथिने पिशव्या सूक्ष्मनलिकांवरून लयकारिकांकडे ओढून नेतात. ॲक्टिनवर चालणारे मायोसिन ६ हे एनडीपी५२ व ऑप्टिन्युरिन या ग्राही प्रथिनांशी जोडले जाते आणि पिशवी व लयकारिका यांच्या मीलनास मदत करते.

रक्ती आवेस कारण होणारा शिगेला जिवाणू स्वभक्षण व पेशीकंकाल यांच्यातील दुव्याच्या अभ्यासात फार उपयोगी ठरला आहे. पेशीत शिरल्यावर तो यजमानाचेच ॲक्टिन वापरून मागे शेपूट उभारतो आणि तिच्या रेट्याने पुढे सरकतो. त्याला रोखण्यासाठी पेशी सेप्टिन प्रथिनांचा पिंजरा रचते आणि पी६२ व एनडीपी५२ तेथे स्वभक्षणाची सामग्री गोळा करतात. विलक्षण बाब अशी की, या पिंजऱ्यालाही ॲक्टिनच लागते.

रक्तपेशींच्या कुळापुरते मर्यादित असलेले वॉस्प हे प्रथिन एआरपी२/३ संकुलाला चालना देऊन ॲक्टिनचे फाटे फोडते. त्याच्या जनुकातील दोषामुळे विस्कॉट-आल्ड्रिच विकार होतो. विस्कॉट यांनी १९३७ मध्ये आणि आल्ड्रिच यांनी १९५४ मध्ये त्याचे वर्णन केले. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो प्रामुख्याने मुलग्यांना होतो. इसब, लहान आकाराच्या व कमी संख्येच्या बिंबिका आणि वारंवार होणारे संसर्ग ही त्याची लक्षणे. स्वप्रतिकारजन्य दाहही अनेकांत आढळतो. वॉस्प नसलेल्या भक्षक पेशींत सेप्टिनचे पिंजरे नीट बनत नाहीत, स्वभक्षण मंदावते आणि दाह चेतवणारे इन्फ्लमासोम हे प्रथिनसंकुल अतिसक्रिय होऊन इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहकारक प्रथिन जास्त स्रवते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. संसर्ग आणि दाह एकाच रुग्णात का आढळतात, याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. दोष रक्तपेशींतच असल्याने योग्य दात्याच्या रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण हा या विकारावरील प्रस्थापित उपचार आहे.