नॉबला शेवट कुठे असतो?

आज मी एक अगदी छोटी वस्तू घेऊन बसलोय. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात मावणारी. नॉब. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला आपण फिरवतो, तोच. फरक एवढाच की माझ्या टेबलावरच्या या नॉबच्या पोटात मोटर आहे. त्याची वायर एका मॉड्युलर सिंथेसायझरला गेली आहे. मी नॉब फिरवतो तेव्हा सूर बदलतो आणि नॉबही मला उलटा रेटा देतो. कुठे घट्ट होतो, कुठे टक् करून थांबतो, कुठे भिंतीसारखा अडतो. हा रेटा कुठून आला, याची गोष्ट सांगायची आहे.

मी मूळचा मिरजेचा. नोकरीसाठी फरीदाबादला आलो आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक भागांच्या कामात तीसेक वर्षं काढली. नावांचा एक योगायोग सांगतो. मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा ज्यांच्यापासून मानली जाते ते फरीदसाहेब सतारमेकर. मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. आणि मी ज्या शहरात राहतो ते वसवलं जहांगीर बादशहाच्या काळातल्या शेख फरीद यांनी. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण माझा दोघांशी आहे.

मिरजेतल्या कुठल्याही पोराला तंबोऱ्याची खुंटी माहीत असते. लाकडात लाकूड, मध्ये थोडा खडू. तार चढवत नेली की खुंटी जड होत जाते. तुमचा हात आणि तारेचा ताण एकाच दांडीची दोन टोकं असतात. जाणकार माणूस खुंटी फिरवताना कानाआधी मनगटाने ओळखतो की आता थांबावं, नाहीतर तार जाईल. पेटीचंही तेच. भाता हाताला सांगतो की आत हवा किती उरली आहे. पु. लं.ची पेटी ऐकताना आपण उजव्या हाताचं कौतुक करतो, डावा बिचारा भात्याशी बोलत बसलेला असतो.

विजेने हा संवाद तोडला. 1920च्या सुमारास रशियात लेव तेर्मेन यांनी थेरेमिन नावाचं वाद्य काढलं. त्याला हातच लावायचा नाही, हवेत हात हलवायचा. हाताला काहीच लागत नाही, म्हणून ते सुरात वाजवणं महाकठीण. थेरेमिन बनवून विकता विकताच रॉबर्ट मूग नावाचा अमेरिकन तरुण पुढे गेला आणि 1964 मध्ये त्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या मदतीने मॉड्युलर सिंथेसायझर उभा केला. वेगवेगळी खोकी, त्यांना जोडणाऱ्या वायरी आणि नॉबच नॉब. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. सगळा कारभार व्होल्टेजवर.

हे यंत्र भारतात फार लवकर आलं. 1969 मध्ये डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन वादक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत आला आणि तिथे मूग बसवला गेला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. काही वर्षांत तो स्टुडिओ थंडावला. टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या, पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि 2023 मध्ये त्यांतलं निवडक संगीत प्रसिद्ध झालं. जरूर ऐका. मला त्यातली एक गोष्ट सारखी डोळ्यांसमोर येते: गीता साराभाई या पखवाज शिकलेल्या बाई. ज्या हातांना कातड्याचा ताण आणि शाईचा उसळता ठोका माहीत, ते हात या नॉबवर. फिल्टरचा रेझोनन्स वाढवत नेला की एका टप्प्यावर फिल्टर स्वतःच शिट्टी घालू लागतो. आवाजात केवढी मोठी घटना! आणि नॉब? तो आधी जेवढा हलका होता तेवढाच हलका.

निदान त्या नॉबला शेवट तरी होता. आत पोटेन्शियोमीटर असतो. तो साधारण 300 अंश फिरतो आणि दोन्हीकडे अडतो. डोळे मिटूनही कळतं की आपण कुठे आहोत. 1982 मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवलं तेव्हा त्यांच्याकडे रोलँडची टीबी-303 होती. तिचे नॉब याच जातीचे. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही, आता जगभर तिची चर्चा असते.

पण तोवर गडबड सुरू झाली होती. 1978 मध्ये प्रॉफेट-5 आला. त्यात बनवलेला आवाज साठवून ठेवता येई. झालं काय, की साठवलेला आवाज बोलावला तर नॉब भलतीकडेच! आवाज म्हणतो मी इथे आहे, नॉब म्हणतो मी तिथे. 1983 मध्ये यामाहाच्या डीएक्स-7ने तर नॉबांनाच जवळपास हाकललं आणि बटणं ठेवली. दुसरा उपाय एन्कोडरचा. तो गोल गोल फिरतच राहतो. त्याची स्वतःची जागाच नसते, म्हणून आवाजाशी भांडणही नाही. सोयीचा, स्वस्त, सगळीकडे पसरला. पण त्याला शेवट नाही.

शेवट नसण्याची किंमत मी जवळून पाहिली आहे. फरीदाबादेतल्या एका कारखान्यात आमच्याकडे व्हॉल्व्ह तपासायचा जुना बेंच होता. दाब वाढवायला स्प्रिंगवरची लोखंडी चक्री. दाब चढेल तशी ती जड होई. त्यावर काम करणाऱ्यांना सगळे मिस्त्रीजी म्हणत. ते काट्याकडे न बघता दाब सांगत, आणि काटा त्यांच्या मागून तिथे पोचे. मग नवा बेंच आला. पडदा, आकडे आणि एक गुळगुळीत एन्कोडर. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मिस्त्रीजींनी सवयीने मनगटाला विचारत नॉब फिरवला. मनगट काहीच बोललं नाही. पडद्यावरचा आकडा उशिरा बदलला. होज फुटला आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत लिहिलं गेलं, चालकाचं दुर्लक्ष. त्या कागदावर खाली माझीही सही आहे.

म्हणून मी या विषयात शिरलो. संगीतासाठी नव्हे, हे कबूल करतो.

शोधताना कळलं की ही तुटातूट आमच्या बेंचच्या कितीतरी आधी कुणीतरी ओळखली होती. शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत रेमंड गोएर्ट्झ किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीपलीकडून हाताळायचे यांत्रिक हात बनवत होते. अलीकडे माणसाने हात हलवला की पलीकडचा हात हलायचा. तोवर दोन्ही टोकं यंत्रणेने जोडलेली होती तेव्हा पकड हाताला आपोआप कळे. 1954 मध्ये जोडणी विजेची झाली आणि मग रेटा मुद्दाम मोटरने परत आणावा लागला. दोरीच्या जागी वायर आली की हे करावंच लागतं. आमच्या ट्रॅक्टरमध्ये तर हॅरी फर्ग्युसनने ते हायड्रॉलिकनेच साधलं होतं: जमीन कठीण लागली की नांगराचा रेटा वरच्या लिंकमधून स्प्रिंगवर येतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर जरा वर उचलला जातो. मातीचं म्हणणं यंत्रापर्यंत पोचतं. तीस वर्षं ते व्हॉल्व्ह हाताळले, पण हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही.

संगीतात हे काम मनापासून केलं ते फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या मंडळींनी. क्लोद कादोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये आक्रो ही संस्था काढली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रेटा देणारी दांडी संगणकाला जोडली. त्यांचा आग्रह मला फार पटतो. त्यांनी संगणकात तारेचं गणित मांडलं आणि त्याच गणितातून आवाजही काढला, हाताला लागणारा रेटाही. खुंटीसारखंच: दोन्ही एकाच तारेतून. 2001 मध्ये बीएमडब्ल्यूने गाडीत रेटा देणारा नॉब बसवला, त्यात सोय होती. मेनूच्या यादीगणिक टक् टक्. वाईट नाही, पण त्यामागे तार नाही.

आज हे सगळं घरी जमतं. कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या गिंबलची छोटी ब्रशलेस मोटर, तिच्या टोकाला चुंबक, चुंबकाचा कोन वाचणारा सेन्सर आणि एक मायक्रोकंट्रोलर. नॉब ठरलेल्या जागेपासून जितका सरकेल तितका जास्त रेटा उलट्या दिशेने, की झाला खाचेचा टक्. रेटा एकदम वाढवला की झाली भिंत. ही आकडेमोड सेकंदाला हजारेक वेळा व्हावी लागते. हळू झाली तर भिंत थरथरते, मधमाशीसारखी. 2022 मध्ये अशा नॉबचा एक खुला आराखडा प्रसिद्ध झाला, त्यावरून मी हा जुळवला. माल आणायला मेट्रोने लाल किल्ला, समोर लाजपतराय मार्केट. दोन मोटरी जाळल्या. तिसरी चालली.

मला खाचा नको होत्या. मी फिल्टरचा रेझोनन्स या नॉबला जोडला आणि आवाजाची पातळी परत मायक्रोकंट्रोलरमध्ये घेतली. शिट्टी जवळ आली की नॉब जड होतो. ती सुरू होते तेव्हा बोटांखाली एक बारीक कापरं येतं. साठवलेला आवाज बोलावला तर नॉब स्वतःच वळून आपल्या जागी जातो. सिंथेसायझर तज्ज्ञांना यात बऱ्याच चुका दिसतील. कळवा, दुरुस्त करीन.

गेल्या महिन्यात मिस्त्रीजींना घरी बोलावलं. ते आता बल्लभगढला मुलाकडे असतात. संगीताशी त्यांना काही देणंघेणं नाही. आवाज बंद करून मी नॉब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी उजवा हात मागे घेतला, डावा पुढे केला आणि उरलेल्या बोटांत नॉब धरून हळूहळू फिरवत नेला. अडला तिथे थांबले. थोडा जोर लावून पाहिला.

"यहाँ दीवार है," म्हणाले.

मग परत मागे नेला, आणि पुन्हा भिंतीपर्यंत आणला. चहा गार होईपर्यंत तेच चाललं होतं. त्या कागदावरच्या सहीबद्दल मी त्यांना त्या दिवशी सांगितलं.