भीर, बिड, बीड आणि एक लाल विंचू

मंडळी, या वीकांताचा विषय जरा रुक्ष वाटेल: कीवर्ड. शोधनिबंधाच्या सारांशाखाली पाच-सहा शब्दांची एक ओळ असते ना, तीच. माझी मामेबहीण डॉक्टर आहे आणि वडवणीच्या आसपासच्या विंचूदंशाच्या केसेसवर निबंध लिहितेय. परवा फोनवर म्हणाली, "दादा, तू सर्चवाला ना? कीवर्ड सांग. सगळं लिहून झालंय, एवढंच राहिलंय."

एवढंच! अहो, या "एवढंच"ला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

१८७९ साली जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकन लष्करी सर्जनने 'इंडेक्स मेडिकस' सुरू केलं. जगभरच्या वैद्यकीय लेखांची ही विषयवार सूची. अडचण आपल्या ओळखीचीच होती: एकच गोष्ट दहा जण दहा नावांनी लिहिणार. मग १९६० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने प्रमाण शब्दांची यादी काढली, 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज', लाडाने 'मेश'. तुम्ही 'हार्ट अटॅक' म्हणा, यादी तुम्हाला 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'कडे पाठवते. आपल्या भाषेत सांगायचं तर अनेक एलियस, पण की एकच. १९७८ मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हॅंकूवरला जमले आणि त्यातून निबंध कसा पाठवावा याचे समान नियम तयार झाले. लेखकाने तीन ते दहा कीवर्ड द्यावेत आणि ते शक्यतो 'मेश'मधले असावेत, असं त्या नियमावलीत सांगितलेलं असे. छापील इंडेक्स मेडिकस २००४ मध्ये बंद झालं. त्याआधीच, १९९७ पासून, पबमेड जालावर सगळ्यांना फुकट खुलं झालं होतं.

आता आपल्या विंचवाकडे येऊ. जालन्याच्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण डोळ्यांदेखत दगावत. गंभीर रुग्णांपैकी पंचवीस-तीस टक्के जात, असा तो काळ. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशी बसून नोंदी केल्या: उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय. ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडलं. १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोगही 'लॅन्सेट'मध्येच छापून आला. २०११ मध्ये 'बीएमजे'त त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी दाखवलं की प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो.

हे सगळं शोधायचं कसं? खरी गंमत इथे आहे. या विंचवाचं शास्त्रीय नाव आधी 'ब्यूथस टॅम्युलस', मग 'मेसोब्यूथस टॅम्युलस' आणि २००७ च्या फेरवर्गीकरणानंतर 'हॉटेंटोटा टॅम्युलस'. विंचू तोच, नांगी तीच, नाव मात्र तिसरं! नुसती अक्षरं जुळवत नव्या नावाने शोधलंत तर ज्या निबंधात फक्त जुनं नाव आहे, तो हाती लागणारच नाही.

गावांचीही तीच कथा. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये आपला जिल्हा 'भीर' आहे: बी-एच-आय-आर. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत 'बिड': बी-आय-डी. रोजच्या वापरात बी-डबल ई-डी. महाड १९८१ पर्यंत कुलाबा जिल्ह्यात होतं, आता रायगडात. औरंगाबादचं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. आणि वडवणी? डब्ल्यूने लिहा नाहीतर व्हीने, जशी लिहिणाऱ्याची मर्जी.

तर बहिणीला सांगितलं ते असं. पहिलं, 'मेश' उघड आणि त्यातला नेमका शब्द घे. दुसरं, शीर्षकात आलेलेच शब्द परत देऊ नकोस, ती जागा पर्यायी नावांना दे: विंचवाचं जुनं आणि नवं, दोन्ही. तिसरं, 'आरोग्य', 'भारत' असे ढगळ शब्द एकटे टाकू नकोस, लाखो निबंधांत हरवशील. चौथं, संक्षेप असेल तर पूर्ण रूपही दे. पाचवं, जिल्हा आणि राज्य लिही, आणि जिल्ह्याचं दुसरं स्पेलिंग सारांशात एकदा तरी येऊ दे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, रात्री दोन वाजता समोर निळंगार पडलेलं पोर असताना ड्यूटीवरचा डॉक्टर काय टाइप करेल, याचा विचार कर. तो लॅटिन आठवत बसणार नाही.

पण एक गोष्ट कुठल्याच यादीने सुटत नाही. आपल्या भागातून दरवर्षी ऊसतोडीला कोयते जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, हा आकडा २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत दिला. निबंधात याला 'हिस्टरेक्टमी' म्हणतात, त्या बायकांना 'ट्रान्झियंट्स अँड मायग्रंट्स'. बायका स्वतः म्हणतात, "पिशवी काढली." मुकादम, उचल, कोयता, पिशवी यांतला एकही शब्द 'मेश'मध्ये नाही. प्रमाण शब्द हवाच, त्याशिवाय जगाला निबंध सापडणार नाही. पण सारांशात निदान एकदा 'ऊसतोड' आणि 'कोयता' रोमन लिपीत लिहून ठेवा की! नाहीतर आकडा सापडेल, आणि ती कोण होती हे मात्र शोधूनही सापडणार नाही.

असो. पुढच्या वीकांताला भेटूच.